उसाच्या फडात सापडलेली दोन पिल्लं आणि व्हॉलंटिअरचं खरं काम : जुन्नर भागातलं एक प्रकरण

रेस्क्यू सेंटरला व्हॉलंटिअर म्हणून यायचंय, काय करावं लागतं, असे मेसेज मला वर्षभर येत असतात आणि ऊसतोड सुरू झाली की जास्तच येतात, कारण तेव्हा बिबट्याच्या पिल्लांचे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरत असतात. बहुतेकांच्या मनात एकच चित्र असतं, पिल्लू मांडीवर आणि हातात दुधाची बाटली. मी त्यांना प्रत्येक वेळी तेच सांगते की पिल्लाला हात लागणार नाही याची सोय करणं हेच इथलं मोठं काम आहे, आणि ती सोय करायला जनावरांशी कमी, माणसांशी जास्त बोलावं लागतं. नुसतं सांगून पटत नाही म्हणून एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहितेय. गावाचं नाव देत नाही, शेतकऱ्याचंही नाही. मादी कुठे वावरते हे लिहिलं की बघे येतात, आणि चोरटी शिकार करणारेही वाचत असतात.

आधी भाग समजून घ्या. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चार तालुके येतात. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही धरणं एकामागून एक झाली, कालवे आले, आणि जिथे बाजरी-मठ व्हायची तिथे ऊस उभा राहिला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात असतो, बारा-बारा फूट वाढतो, आत पाणी, सावली, घुशी, डुकरं, आणि बाजूच्या वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. बिबट मादीला पिल्लं घालायला याहून निवांत जागा मिळायची नाही. आज या भागातल्या कितीतरी बिबट्यांचा जन्म उसातला, त्यांच्या आयांचाही उसातलाच. त्यांना डोंगरावरचं जंगल घर वाटत नाही, ऊसच घर वाटतो. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावून अभ्यास केला होता, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. शेतीवाडीच्या, दाट वस्तीच्या त्या पट्ट्यात १०० चौरस किलोमीटरला सरासरी ४.८ प्रौढ बिबटे निघाले. ते खातात काय हेही पुढच्या अभ्यासात आलं, वजनाच्या हिशोबाने सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा होता, ३९ टक्के.

तर असा हा भाग आणि वेळ जानेवारीची, हंगाम ऐन भरात.

ऊसतोडीची टोळी बीडकडची होती. सकाळी सहापासून तोड चालू होती, दहाच्या सुमारास फड जवळजवळ मोकळा झाला होता आणि मधे दहा-बारा गुंठ्यांचा तुकडा उभा होता. हे नीट लक्षात घ्या कारण पुढचं सगळं यावर आहे. तोड तिन्ही बाजूंनी आत आत सरकत आलेली होती. मादी पहाटेच कधीतरी चौथ्या बाजूने ओढ्याकडे निघून गेलेली असणार आणि पिल्लं वाळक्या पानांच्या पाचटात तशीच राहिली. टोळीतल्या एका बाईने उसाच्या शेंड्यांची वाढं बाजूला करायला हात घातला आणि आतून फिस्स आवाज आला. तिने कोयता टाकला आणि सगळ्यात आधी बांधावरच्या बाभळीला बांधलेली झोळी सोडली, तिचं वर्षाचं पोरगं त्यात झोपलेलं होतं. तोपर्यंत दोन पोरांनी मोबाइल काढले होते. ती त्यांच्यावर ओरडली, "फोटू मागून काढा, आधी पोरं रस्त्याला न्या!" मला विचाराल तर त्या दिवशी पहिला बरोबर निर्णय तिचा. पिल्लं आहेत म्हणजे आई जवळपास आहे हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पण फोटो निघालेच. एकाने पिल्लं उचलून बांधावर आणून ठेवली, एकाने रील केली, आणि अर्ध्या तासात तिथे शंभराच्या घरात माणसं. पोलीस पाटलांनी वनरक्षकाला फोन केला, तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी वन खात्याच्या १९२६ या हेल्पलाइनलाही लावला होता, वनरक्षकाने सेंटरला कळवलं, आणि डॉक्टर, दोन कर्मचारी आणि आम्ही दोघी व्हॉलंटिअर असे निघालो.

व्हॉलंटिअरला कसलाही अधिकार नसतो हे आधीच सांगते. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, पिल्लू उचलायचं की ठेवायचं, कुठे न्यायचं, हे सगळं वन खातं ठरवतं, तब्येतीचं डॉक्टर ठरवतात. आम्ही फक्त हातपाय आणि तोंड.

पोचल्यावर पहिलं काम ओळख पटवायचं. हे सोपं वाटतं पण उसात सापडणारं प्रत्येक पिल्लू बिबट्याचं नसतं. रानमांजराची पिल्लं सापडतात, वाघाटीची सापडतात, आणि दोन्ही वेळा गावात बोंब बिबट्याचीच होते. वाघाटी ही जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक, तिचं पिल्लू तळहातावर मावतं. रानमांजराच्या पिल्लाच्या अंगावर फिकट पट्टे असतात, ठिपक्यांची दाट नक्षी नसते. इथे शंका नव्हती. दोन पिल्लं, एक नर एक मादी, अंगभर दाट काळे ठिपके, डोळे अजून निळसर, पंजे अंगाच्या मानाने मोठे, कान मागे पाडून दोघंही एकमेकांच्या खाली घुसायचा प्रयत्न करत होती. डॉक्टरांनी वय दीड महिन्याच्या आसपास धरलं. नराच्या मानेवर आणि कानामागे गोचीड भरलेले होते.

आता इथे निर्णय होता. पिल्लं होती त्या जागी परत ठेवून सगळ्यांनी लांब व्हायचं हा सगळ्यात चांगला मार्ग, आणि जिथे गर्दी नसते तिथे तेच करतात. पण इथे ऊन चढलेलं, शंभर माणसं, कुत्री मोकाट, आणि पिल्लं आधीच या हातातून त्या हातात फिरलेली. आरएफओ साहेबांनी, म्हणजे वनक्षेत्रपालांनी, आणि डॉक्टरांनी ठरवलं की दिवसभर सेंटरला ठेवायची, तपासायची आणि संध्याकाळी बरोबर याच जागेवर आणून ठेवायची. "याच जागेवर" हे दोघांनीही जोर देऊन सांगितलं. मादी शोधायला येते ती जिथे ठेवून गेली तिथे, गावकऱ्यांच्या सोयीच्या जागेवर येत नाही.

म्हणजे मधला दहा-बारा गुंठ्यांचा तुकडा तसाच उभा राहायला पाहिजे होता. आणि खरी अडचण इथून सुरू झाली.

शहरातून आलेल्या व्हॉलंटिअरला वाटतं त्यात काय, एक दिवस तोड थांबवा. एक दिवस थांबवणं म्हणजे काय ते टोळीचं काम बघणाऱ्या मुकादमाने आम्हाला ऐकवलं आणि त्याचं चुकत नव्हतं. टोळीला पैसे टनावर मिळतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, ती फेडायची असते. ट्रक दुपारी भरायला येणार होता, तो अर्धा भरून जाणार नाही आणि रिकामा उभा राहिला तर वाहतूकवाला ओरडणार. शेतकऱ्याची बाजू वेगळीच, त्याने तोड मिळावी म्हणून कारखान्याकडे किती चकरा मारल्या होत्या ते तो बोटांवर मोजून सांगत होता. टोळी एकदा दुसऱ्या गटात गेली की मागे राहिलेल्या दहा गुंठ्यांसाठी परत कोण येतंय? तो ऊस वाळणार, वजन घटणार, आणि त्याच रानात त्याला पुढचं पीक घ्यायचं होतं. "ताई, तुमची पिल्लं जगतील ओ, माझ्या उसाचं काय?" असं त्याने विचारलं तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी कायद्याचं बोलू शकले असते, पण कायद्याचं बोललं की माणूस गप्प होतो, मदत करत नाही, आणि आम्हाला त्या रात्री त्याची मदत पाहिजे होती.

तोडगा काढला तो कारखान्याच्या चिटबॉयने. तरुण पोरगा, मोटारसायकलवर सगळा गट फिरणारा, कुणाचा ऊस कधी तुटणार हे त्याच्या वहीत. त्याने वही काढली आणि शेजारच्याच बांधाला लागून असलेल्या शेतकऱ्याची तोड दोन दिवसांनी लागत होती ती आज घेतली. टोळी त्याच गटात राहिली, ट्रक भरला, आणि हा तुकडा मागे राहिला तो परत तोडायचं वहीत लिहून घेतलं. मधल्या वेळात टोळीचा जवळजवळ अर्धा दिवस गेला होता, त्याचे पैसे दोन्ही शेतकऱ्यांनी मिळून दिले. वन्यजीवांवरच्या कुठल्याच लेखात चिटबॉय येत नाही, पण या प्रकरणात त्याच्याशिवाय काहीच झालं नसतं आणि आता आमच्या फोनमध्ये या भागातल्या चिटबॉयांचे नंबर वनरक्षकांच्या नंबरांच्या खालोखाल सेव्ह आहेत.

सेंटरवर दुपारी तपासणी झाली. वजन दोन किलोच्या आतबाहेर, अंगात पाणी थोडं कमी, जखम नाही. चिमट्याने एकेक गोचीड काढले, त्याला वेळ लागला कारण नर पिल्लू टॉवेलमधून पाय बाहेर काढून बोचकारत होतं आणि डॉक्टरांना घाई करायची नव्हती, डोकं कातडीत राहिलं की तिथे पिकतं. मग कातडीखाली मायक्रोचिप घातली, म्हणजे पुढे कधी हेच जनावर पिंजऱ्यात आलं तर ओळखता येईल. गाईचं दूध दिलं नाही, त्याने पोट बिघडतं. डॉक्टरांनी ठरवलेलं पातळ खाद्य सिरिंजने थोडंथोडं दिलं, ते काम सेंटरच्या एकाच अनुभवी कर्मचाऱ्याने केलं, ग्लोव्ह्ज घालून, न बोलता. खोलीत बाकी कुणी नाही. आम्ही बाहेर क्रेट धूत होतो. माझ्याबरोबरची मुलगी नवीन होती, तिने विचारलं की एकदा बघू तरी का, आणि कर्मचारी काका म्हणाले, "पोरी, बघून तुझं मन भरंल, पण त्याला माणसाची सवय लागली तर ते आयुष्यभर इथंच राहील."

हे अक्षरशः खरं आहे. माणसाच्या हातावर वाढलेलं बिबट्याचं पिल्लू परत सोडता येत नाही. आईबरोबर ते दीड-दोन वर्षं राहतं, शिकार शिकतं, माणसापासून लांब राहायला शिकतं. ते शिक्षण कुठल्याच सेंटरला देता येत नाही. माणसाला न घाबरणारा मोठा बिबट्या वस्तीजवळ सोडणं म्हणजे दोघांच्याही जिवाशी खेळ, त्यामुळे तो पिंजऱ्यातच राहतो, आणि पिंजऱ्यात बिबट्या वीस वर्षंसुद्धा जगतो. जुन्नरजवळचं माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र वन खातं आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून चालवतात, तिथे कायमचे राहिलेल्या जनावरांत कुणी पाय गमावलेलं आहे, कुणी म्हातारं आहे, आणि लहानपणी आईपासून तुटलेलीही आहेत. या भागात पिल्लं आईकडे परत देण्याची पद्धत तिथल्या लोकांनीच वर्षानुवर्षं करून बसवलेली आहे, आम्ही सगळे त्यांच्याच मागून शिकलो.

संध्याकाळी सहाच्या आत पिल्लं परत जागेवर. प्लॅस्टिकचा क्रेट, तळाला त्याच फडातलं पाचट, वर झाकण असं ठेवलेलं की कुत्रं-कोल्हं आत तोंड घालणार नाही पण मादीने पंजा मारला की बाजूला होईल. दोन कॅमेरा ट्रॅप, एक क्रेटवर, एक ओढ्याच्या वाटेवर. गाडी लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला, काचा वर, दिवे बंद.

पहिली रात्र वाया गेली.

आठच्या पुढे मादी बोलायला लागली. करवत लाकडावर मागेपुढे चालवावी तसा तो आवाज असतो, एकदा ऐकला की विसरत नाही. पिल्लांनीही आतून बारीक आवाज दिला. आणि तेवढ्यात वस्तीकडून दोन मोटारसायकली आणि मागून एक कार, हेडलाइट थेट फडावर, कारण गावाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं की आज रात्री मादी येणार, बघायला या. वनरक्षकाने त्यांना परत पाठवलं. अर्ध्या तासाने दुसरे आले. मग वस्तीवरची कुत्री सुटली. मग उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली मोठ्याने गाणी लावून गेली. दहाला रात्रपाळीची लाइट आली आणि विहिरीवरचा मोठा बल्ब लागला तो थेट त्या तुकड्यावर. थंडी कडाक्याची होती, मध्यरात्रीनंतर डॉक्टर दर थोड्या वेळाने लांबून दुर्बिणीने क्रेट बघत होते, आणि पहाटे त्यांनी सांगितलं की बास, यापुढे पिल्लं गारठतील. परत सेंटरला.

सकाळी कॅमेऱ्याची कार्डं बघितली तर ओढ्याच्या वाटेवरच्या कॅमेऱ्यात मादी दोनदा आलेली होती. एकदा पूर्ण अंग दिसतंय, मान खाली, दुसऱ्यांदा नुसते चमकणारे डोळे, आणि त्याच मिनिटाला फ्रेमच्या कडेला गाडीच्या हेडलाइटचा झोत. पिल्लांना माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते असं लोक खात्रीने सांगतात, आदल्या दिवशीही चार जणांनी ते आम्हाला सांगितलं होतं. तसं असतं तर ती आलीच नसती. ती आली होती आणि माणसांमुळे मागे फिरली होती.

दुसऱ्या दिवशी मग दिवसभर फक्त माणसं. याच दिवसाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

वस्तीवर घरं पंधरा-वीस, आम्ही दोघी आणि वनरक्षक दादा प्रत्येक घरी गेलो. पहिल्याच घरी एक आजी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या, त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि मग स्वच्छ विचारलं, "आमच्या शेळ्या खाल्ल्या तेव्हा कोण आलं होतं गं रात्रभर बसायला?" यावर वाद घालायचा नसतो. त्यांच्या दोन शेळ्या गेल्या होत्या, पंचनामा झाला होता, भरपाई मिळायला वेळ लागला होता, ते सगळं ऐकून घेतलं. या तालुक्यांत माणसंही मेली आहेत, लहान मुलं मेली आहेत. ज्या घरातलं मूल गेलं त्या घरासमोर उभं राहून बिबट्याची बाजू मांडायची माझी हिंमत नाही आणि कुणाची असू नये. मी आजींना एवढंच म्हणाले की ही मादी काल रात्री तुमच्या गोठ्याच्या मागून दोनदा गेली, पिल्लं मिळेपर्यंत ती रोज येणार, चिडलेली असणार, आज मिळाली तर आज जाईल. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग सुनेला म्हणाल्या, कुत्रं आज आत बांध.

वस्तीवर बाकीच्यांचंही म्हणणं होतं की पिल्लं सोडता कशाला, आईलाही पिंजरा लावा आणि सगळ्यांना लांब कुठेतरी नेऊन सोडा. ऐकायला बरोबर वाटतं. पण हे जुन्नरने करून बघितलेलं आहे. २००१ नंतरच्या काळात इथे बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडले आणि त्यातले बरेच सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलात नेऊन सोडले. विद्या अत्रेय यांच्या गटाने २०११ साली त्याचा हिशोब मांडला, माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले होते. जनावर अनोळखी ठिकाणी सोडलं की ते भांबावतं, परत यायला बघतं, वाटेत माणसांना भिडतं, आणि इथली रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. हे आकडे वस्तीवर सांगितले की लोक ऐकतात, कारण त्या वर्षांत काय झालं ते त्यांना आठवत असतं. पण हेही सांगावं लागतं की पिल्लं परत दिली म्हणजे धोका संपला असं नाही. बिबट्या इथे आहे, राहणार आहे. मी कुणाला खोटा धीर देत नाही, दिला तर पुढच्या वेळी दारात उभं करणार नाहीत.

मग लाइटचा प्रश्न. शेतीपंपांची थ्री फेज वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. म्हणजे दहानंतर कांद्याला, गव्हाला पाणी द्यायला माणसं एकटी, हातात बॅटरी घेऊन बांधावरून फिरणार, नेमकी त्याच वेळी जेव्हा मादी फिरतेय. दिवसा वीज द्या ही या भागातल्या शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे आणि बिबट्याच्या प्रश्नात तिच्याइतकं महत्त्वाचं दुसरं फार थोडं आहे असं मला वाटतं. त्या दिवशी आमच्या हातात एवढंच होतं की एक रात्र पाणी नका देऊ असं विचारायचं. तिघं तयार झाले. एकाला शक्य नव्हतं, कांदा पोसायला लागलेला आणि त्याची पाळी चुकली तर पुढची कधी कुणास ठाऊक. त्याच्यासाठी असं ठरलं की दोन वनमजूर त्याच्याबरोबर जातील, मोटर चालू करतील आणि तिघंही एकत्रच परत येतील, बारी मोडायला, म्हणजे पाणी वळवायला, पहाटे परत तसंच. विहिरीवरचा बल्ब त्यानेच स्वतःहून काढून ठेवला.

ग्रुपचं काम राहिलं होतं. ज्या पोराने आदल्या रात्री "बघायला या" टाकलं होतं त्याला शोधलं, वनरक्षक दादांनी त्याला दम दिला नाही, उलट आजची रात्र वस्तीकडचा रस्ता तूच सांभाळ म्हणाले. तो आणि त्याचे चार मित्र संध्याकाळपासून फाट्यावर शेकोटी करून बसले आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला वळवून दुसऱ्या रस्त्याने पाठवत राहिले. चिटबॉयने ट्रॅक्टरवाल्यांना फोन केले, वरच्या रस्त्याने जा आणि गाणी बंद. सरपंचांनी ग्रुप तेवढ्या रात्रीपुरता ओन्ली अॅडमिन केला. दुपारी एक व्हिडिओ फिरायला लागला होता, बिबट्या माणसावर झेप घेतोय, आमच्याच गावचा म्हणून, तो कुठला तरी भलतीकडचा होता, तो तिथल्या तिथे डिलीट करायला लावला.

रात्री क्रेट त्याच जागी. अंधार इतका की शेजारी बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नव्हता. आम्ही गाडीत, कुणी बोलत नव्हतं. आठनंतर कधीतरी वस्तीवरची कोंडलेली कुत्री एकदम भुंकायला लागली आणि एकदम थांबली. बास, एवढंच कळलं. मादी आली, काय केलं, हे आमच्यापैकी कुणीच डोळ्यांनी बघितलं नाही, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

कॅमेऱ्यात होतं ते असं. आठ एकोणपन्नासला मादी तुकड्याच्या कडेला, बराच वेळ नुसती उभी. मग क्रेटभोवती फिरली, वास घेतला, पंज्याने झाकण सरकवलं, क्रेट आडवा झाला आणि दोन्ही पिल्लं बाहेर. एक मानेच्या कातडीला धरून उचललं आणि फ्रेमबाहेर. दुसरं तिथेच, पाचटात अंग चोरून. यानंतर पाऊण तास त्या पिल्लाशिवाय कॅमेऱ्यात काहीच नाही, एकदा ते उठून दोन पावलं चालतं आणि परत येऊन क्रेटला चिकटून बसतं. नऊ सदतीसला मादी परत. या वेळी थांबली नाही, थेट आली, उचललं आणि गेली. पिल्लाचे मागचे पाय पोटाशी दुमडलेले, शेपटी खाली लोंबतेय, ही शेवटची फ्रेम. वनरक्षक दादांनी सकाळी ती त्या आजींना दाखवायला फोन नेला होता.

पुढचे दोन दिवस तुकडा तसाच ठेवला, कॅमेरे ठेवले, मादी फिरकली नाही. मग वन खात्याच्या लोकांनी कडेने फिरून, डबे वाजवून खात्री केली आणि टोळी आली. या वेळी तोड एकाच बाजूने सुरू केली आणि ओढ्याकडची बाजू शेवटपर्यंत मोकळी ठेवली, आत काही असेल तर निघून जायला वाट राहते. झोळ्या फडापासून लांब, ट्रकजवळ बांधल्या आणि एक बाई मुलांपाशीच थांबली. दुपारपर्यंत रान मोकळं झालं.

हंगामाच्या सुरुवातीला टोळ्या येऊन राहायला झोपड्या, म्हणजे कोप्या, उभारतात तेव्हाच आता आम्ही संध्याकाळी तिकडे जाऊन बसतो. बोलायचं फार नसतं. एका बाजूने तोडा. पोरं फडाच्या कडेला झोपवू नका, पहाटे अंधारात एकटं-दुकटं आणि वाकून काम करू नका. पिल्लू दिसलं तर उचलू नका, फोटो काढू नका, तेवढा भाग सोडून मागे व्हा आणि १९२६ लावा. नवीन व्हॉलंटिअरना पहिल्यांदा इथेच नेतो, सेंटरच्या पिंजऱ्यांकडे नाही. काही जण दुसऱ्यांदा येत नाहीत. जे येतात ते मग वर्षानुवर्षं टिकतात, आणि आमच्याबरोबर त्या दिवशी क्रेट धुणारी मुलगी आता बीडकडच्या टोळ्यांशी माझ्यापेक्षा चांगलं बोलते.

टोळीच्या बुडालेल्या वेळेचा प्रश्न मात्र तसाच आहे. त्या वेळी दोन शेतकऱ्यांनी खिशातून दिले म्हणून भागलं, सगळीकडे तसे शेतकरी भेटणार नाहीत. आणि ज्या टोळीचा दिवस बुडाला ती पुढच्या वेळी पिल्लं दिसल्यावर कोयता थांबवेल का, हा विचार मला छळतो. कारखान्याने पिल्लं सापडलेल्या फडापुरती टोळीला ठरावीक खाडेभरपाई द्यावी आणि तोडीची पाळी बदलायचा अधिकार चिटबॉयला लेखी द्यावा, असं पत्र आम्ही वनरक्षक दादांच्या सल्ल्याने लिहिलंय, खाली त्या दोन शेतकऱ्यांच्या आणि मुकादमाच्या सह्या आहेत. शेतकी अधिकाऱ्यांनी ठेवून घेतलंय, अजून ठरलेलं काही नाही. पुढच्या हंगामाची पहिली मोळी कारखान्यात टाकायच्या आधी परत जाऊन विचारणार आहोत.